वॉर्साचा शरदोत्सव : राज्याश्रय आणि नवे संगीत

१९५६ सालच्या ऑक्टोबर महिन्याच्या १० तारखेस पोलंडच्या राजधानीत, वॉर्सा येथे, एक संगीतमहोत्सव सुरू झाला आणि २१ तारखेस तो संपला. या बारा दिवसांच्या अवधीत त्याच शहरात दुसरेही बरेच काही घडत होते. १९ तारखेस सोव्हिएट नेते ख्रुश्चेव्ह निमंत्रणावाचूनच विमानाने येऊन थडकले. सोव्हिएट सैन्य शहराच्या रोखाने निघाल्याची वार्ता आली. २१ तारखेस, म्हणजे महोत्सवाच्या समाप्तीच्याच दिवशी, काही वर्षे बंदिवासात काढलेले गोमुल्का पक्षाचे प्रथम सचिव म्हणून निवडले गेले. दोनच दिवसांनी शेजारच्या हंगेरीत भडका उडाला आणि त्याचा शेवट रक्तपातात झाला. पोलंड त्यातून थोडक्यात निभावले. अशा दिवसांत वॉर्सातील माणसे संध्याकाळी फिलहार्मोनिकच्या सभागृहात जाऊन स्त्राविन्स्की आणि बार्तोक ऐकत होती.

हाच महोत्सव पुढे ‘वॉर्सा शरद’ या नावाने जगभर ओळखला गेला, आणि आजही तो दर वर्षी सप्टेंबरात भरतो. नव्या आणि प्रायोगिक संगीताचे मेळावे युरोपात इतरत्रही होते व आहेत. जर्मनीतील डोनाउएशिंगेन येथे १९२१ साली असा महोत्सव सुरू झाला होता. डार्मश्टाट येथे १९४६ पासून नव्या संगीताचे ग्रीष्मवर्ग चालू झाले. परंतु वॉर्साच्या उत्सवाची गोष्ट या दोहोंहून निराळी आहे. ज्या राजवटीने या जातीच्या संगीतास काल-परवापर्यंत अपराध ठरविले होते, तिच्याच तिजोरीतून आणि तिच्याच अधिकाऱ्यांच्या सहीने त्याचा खर्च चालला. आमच्या वाचकांपैकी पुष्कळजण नोकरीच्या पायी घरापासून दूर, परप्रांती राहतात, आणि अमुक गोष्टीस पैसा द्यावा की न द्यावा यावर टिपण लिहिणे हा त्यांच्यापैकी कित्येकांचा नित्याचा व्यवसाय आहे. म्हणून या महोत्सवाकडे मागे वळून पाहताना आम्ही एकच प्रश्न पुढे ठेवणार आहोत : जी कला सरकारला स्वतःला कळत नाही आणि बहुधा आवडतही नाही, तिला सरकारने आश्रय द्यावा काय, आणि दिल्यास कोणत्या रीतीने?

प्रारंभीच एक कबुली देणे उचित होईल. या महोत्सवास आम्ही कधी उपस्थित नव्हतो. त्यात वाजलेल्या काही कृती आम्ही ध्वनिमुद्रणांवरून पुनःपुन्हा ऐकल्या आहेत, आणि त्याही तंबोऱ्यावर वाढलेल्या कानांनी. तेव्हा खालील अभिप्राय एका दूरच्या श्रोत्याचे आहेत, हे वाचकांनी ध्यानात ठेवावे.

महोत्सवाची पूर्वपीठिका थोडक्यात सांगितली पाहिजे. दुसऱ्या महायुद्धात वॉर्सा जवळजवळ संपूर्ण जमीनदोस्त झाले. जर्मन अंमलात पोलिश संगीतकारांना जाहीर मैफली बंद झाल्या, तेव्हा वितोल्द लुतोस्वाव्स्की आणि आंजेइ पानुफ्निक हे दोन तरुण शहरातील कॉफीगृहांत दोन पियानोंवर जोडीने वाजवून पोट भरीत. युद्ध संपले आणि नवी राजवट आली. १९४९ च्या ऑगस्टात वागुफ या गावी संगीतकारांची परिषद भरविण्यात आली. तेथे सांस्कृतिक खात्याचे उपमंत्री व्लोदझिमिएश सोकोर्स्की यांनी संगीतातील ‘समाजवादी वास्तववादा’चे धोरण संगीतकारांपुढे मांडले. संगीत जनतेला समजेल असे असावे, लोकधुनांवर आधारलेले असावे, आशावादी असावे. जे तसे नसेल त्यास ‘रूपवादी’ हा शिक्का. लुतोस्वाव्स्कीची पहिली सिंफनी १९४७ साली पूर्ण झाली होती व १९४८ साली वाजलीही होती; तिच्यावर हा शिक्का बसला आणि ती सभागृहांतून दीर्घकाळ नाहीशी झाली. लुतोस्वाव्स्की त्यानंतर मुलांची गाणी आणि लोकधुनांवरील रचना करीत राहिला. लोकधुनांचाच आधार घेऊन त्याने १९५४ साली पूर्ण केलेला ‘वाद्यवृंदासाठी कॉन्चेर्तो’ ही मात्र मोठी कृती आहे. सक्तीच्या चौकटीतही प्रतिभा आपली वाट काढते, याचे ते उदाहरण म्हणता येईल. परंतु त्यावरून सक्तीचे समर्थन करू पाहणाऱ्यांना आम्ही एवढेच विचारू की, तीच सक्ती ज्यांना पेलली नाही अशांच्या न लिहिलेल्या कृतींची मोजदाद कोणी ठेवली आहे?

अशा वेळी तादेउश बाइर्द आणि काझिमिएश सेरोत्स्की या दोन संगीतकारांनी आंतरराष्ट्रीय महोत्सवाची कल्पना पुढे आणली. पहिला महोत्सव भरला तेव्हा बाइर्द अवघा अठ्ठावीस वर्षांचा होता आणि सेरोत्स्की चौतीस वर्षांचा. त्यांची भूमिका साधी होती. युद्धाची सहा वर्षे आणि नंतरची सक्तीची काही वर्षे, इतका काळ पोलंडचा कान जगापासून तुटला होता. बाहेर काय लिहिले जात आहे ते ऐकावयास तरी मिळावे, एवढेच त्यांचे मागणे. यजमानपण पोलिश संगीतकार संघाने घ्यावे, कार्यक्रम संघाच्या समितीने निवडावा आणि खर्च सरकारने करावा, अशी व्यवस्था झाली. या व्यवस्थेतच सर्व काही आहे असे आमचे मत आहे, आणि त्याकडे आम्ही पुढे परत येऊ.

पहिल्या महोत्सवात ज्यास आज प्रायोगिक म्हणता येईल असे फारसे नव्हते. स्त्राविन्स्की, बार्तोक, होनेगर हे तोवर पश्चिमेत जुने झालेले संगीतकार होते. पण वीस वर्षे उपाशी राहिलेल्या माणसाला शिळी भाकरीही पक्वान्न वाटते. १९५७ साली महोत्सव भरला नाही. १९५८ साली दुसरा भरला, आणि त्यापासून त्याचे रूप पालटले. त्या वर्षी जर्मनीतून कार्लहाइन्झ श्टोकहाउझेन आला आणि वॉर्साच्या श्रोत्यांनी विद्युत्-यंत्रांतून निर्माण केलेले संगीत ऐकले. त्याच महोत्सवात हेन्रिक गुरेत्स्की या पंचविशीच्या आत-बाहेरच्या तरुणाची ‘एपिताफियुम’ ही कृती प्रथम वाजली. १९५९ साली क्षिश्तोफ पेंदेरेत्स्कीची ‘स्त्रोफी’ वाजली. १९६० साली गुरेत्स्कीच्या ‘स्कोन्त्री’ने, म्हणजे ‘टकरीं’नी, मोठी खळबळ उडवून दिली. १९६१ साली लुतोस्वाव्स्कीची ‘व्हेनिसचे खेळ’ ही कृती तिच्या पूर्ण स्वरूपात प्रथमच ऐकावयास मिळाली. चार वर्षांत पोलंड हा ऐकणाऱ्यांचा देश राहिला नाही. इतर देश त्याचे ऐकू लागले.

आता वर ज्यांचा उल्लेख आला त्या सोकोर्स्की यांची पुढील हकीकत सांगतो. आमच्या वाचकांना तिची गोडी विशेष वाटावी. १९५६ साली हे गृहस्थ सांस्कृतिक खात्यातून निघाले आणि पोलंडच्या रेडिओचे प्रमुख झाले. १९७२ पर्यंत ते त्या जागी होते. त्यांच्या कारकिर्दीच्या आरंभीच, १९५७ साली, वॉर्साच्या रेडिओत युझेफ पात्कोव्स्की यांच्या देखरेखीखाली प्रायोगिक ध्वनिशाळा उघडली. ज्या अधिकाऱ्याने १९४९ साली रूपवादास गाडावयाचे म्हटले, त्याच्याच सहीखाली आठ वर्षांनी रूपवादाची प्रयोगशाळा उभी राहिली! या ध्वनिशाळेत १९५९ साली व्लोदझिमिएश कोतोन्स्कीने एक लहानशी रचना केली. झांजेवर एकदा, फक्त एकदा, आघात करावयाचा. तो फितीवर धरावयाचा. मग ती फीत जलद वा मंद फिरवून, त्या नादातील काही अंश गाळून, तुकडे कापून आणि जोडून, त्या एका आघातातून सबंध कृती घडवावयाची. जनतेला ताबडतोब समजेल आणि आशावादीही असेल, या कसोटीस ही रचना कितपत उतरली असती ते वाचकांनीच ठरवावे.

सोकोर्स्कींचे मतपरिवर्तन झाले होते काय? आम्हांस त्याचा शोध घेण्याची आवश्यकता वाटत नाही. वारा बदलला होता आणि चतुर अधिकाऱ्याने शीड फिरविले, असेही असेल. महत्त्वाची गोष्ट अशी की, १९४९ साली त्यांनी संगीत कसे असावे ते सांगितले, आणि १९५७ साली जागा, यंत्रे व पगार यांची तजवीज होऊ दिली. पहिल्या प्रसंगी त्यांच्या आवडीनिवडीला किंमत होती, दुसऱ्या प्रसंगी ती नव्हती. कलेच्या दृष्टीने दुसरे सोकोर्स्की पहिल्यापेक्षा कितीतरी मोठे ठरतात, मग त्यांचा हेतू काहीही असो.

परंतु राज्याश्रयाची रीत चांगली असली म्हणून त्यातून निपजलेली कला चांगली, असे म्हणता येत नाही. म्हणून आता प्रत्यक्ष कृतींकडे वळू.

या महोत्सवाच्या नावाशी जी रचना सर्वांत अधिक जोडली जाते ती म्हणजे पेंदेरेत्स्कीची १९६० साली लिहिलेली, बावन्न तंतुवाद्यांसाठीची कृती. १९६१ च्या मे महिन्यात ती वॉर्साच्या रेडिओवर वाजली. आज ती ‘हिरोशिमाच्या बळींसाठी शोकगीत’ या नावाने प्रसिद्ध आहे. तीत ताल नाही. काळ सेकंदांनी मोजलेला आहे. स्वरही आपल्या अर्थाने नाहीत. आरंभीच वादकांना सूचना आहे ती अशी की, आपल्या वाद्यावर निघेल तितका उंच स्वर काढा. तो कोणता, ते लिहिलेलेच नाही. पुढे घोडीच्या पलीकडच्या तारांवर गज फिरवावयाचा, वाद्याच्या लाकडावर थाप मारावयाची, आणि पाव-पाव स्वरांच्या अंतराने लगटून बसलेले कित्येक नाद एकाच वेळी वाजवावयाचे, असा प्रकार आहे.

आपल्याकडील श्रोता हे ऐकून प्रथम बिचकतो, आणि त्यात त्याचा दोष नाही. सूक्ष्म स्वरांतरांचे आपल्याला वावडे नाही. तोडीतला गंधार आणि दरबारीतला गंधार यांतला भेद ज्याला कळतो त्याला पाव स्वराची भीती घालण्यात अर्थ नाही. पण आपल्या श्रुती एकामागून एक येतात, आणि प्रत्येकीचे नाते षड्जाशी असते. तंबोरा हा आपल्या संगीतातला साक्षीदार आहे; गायक कितीही दूर गेला तरी तो किती दूर गेला हे सांगावयास तंबोरा बसलेला असतो. येथे षड्जच नाही. बावन्न वाद्ये आहेत आणि घर कोणाचेच नाही. मग ऐकावयाचे काय? आमचा अनुभव सांगतो. तंबोऱ्याची जवारी लावताना, घोडीवरचा, तारेखालचा दोरा थोडा मागेपुढे सरकवताना, आपण स्वर ऐकत नसतो. स्वर तर तोच असतो. आपण नादाचा पोत ऐकत असतो, तो उघडतो की मिटतो एवढेच पाहत असतो. या कृतीकडे तसा कान दिला की तिच्यातली व्यवस्था हळूहळू ध्यानात येते. नादाची पट्टी रुंद होते, अरुंद होते, एका धाग्याइतकी बारीक होते, आणि शेवटी सर्व बावन्न वाद्यांच्या एका प्रचंड थराने कृती मिटते. हे गोंधळाचे काम नव्हे, फार हिशेबी काम आहे.

पण एक गोष्ट सांगितलीच पाहिजे. ही कृती लिहिली गेली तेव्हा तिचे नाव हिरोशिमाशी संबंधित नव्हते. तिचे मूळ नाव होते आठ मिनिटे सदतीस सेकंद, म्हणजे केवळ तिची लांबी. प्रत्यक्ष वाजताना ऐकल्यावर तिच्यातील भावनेच्या जोराने आपण स्वतःच चकित झालो आणि तिला शोभेसा संदर्भ शोधू लागलो, असे पेंदेरेत्स्कीने पुढे सांगितले आहे. हा कबुलीजबाब प्रामाणिक आहे, पण त्याने टीकाकाराचे काम सोपे होत नाही. आज प्रत्येक श्रोता त्या नादांत विमानांची घरघर आणि माणसांच्या किंकाळ्या ऐकतो. कृतीत त्या नाहीत, नावात आहेत. नावाने या कृतीस जगभर नेले हे खरे. तसेच, तिचे नादरूप ऐकण्यापासून कितीतरी कानांना परावृत्त केले हेही खरे. शिवाय असे नाव मंजुरी देणाऱ्याच्याही सोयीचे असते. नुसत्या नादाच्या पोतास पैसा का द्यावा, याचे उत्तर फाईलवर लिहिणे कठीण. अणुबाँबच्या निषेधास पैसा का द्यावा, याचे उत्तर कोणीही लिहील. पेंदेरेत्स्कीने या हिशेबाने नाव दिले असे आम्ही म्हणत नाही. आमचे म्हणणे इतकेच की, राज्याश्रयाखाली वाढणाऱ्या कलेला थोर विषयांचा मोह नेहमी जवळचा असतो, आणि टीकाकाराने त्या मोहास कृतीचे मूल्य समजू नये.

लुतोस्वाव्स्कीच्या ‘व्हेनिसच्या खेळां’ना अशा कोणत्याही आधाराची गरज नाही, आणि आमच्या दृष्टीने या कालखंडातील तीच श्रेष्ठ कृती होय. १९६० साली लुतोस्वाव्स्कीने अमेरिकन संगीतकार जॉन केज याची पियानो व वाद्यवृंदासाठीची रचना रेडिओवर ऐकली. केज यदृच्छेला संगीतात मोकळे रान देत असे. लुतोस्वाव्स्कीला ते तत्त्वज्ञान पटले नाही. पण ऐकता ऐकता त्याला स्वतःची वाट सापडली. त्याने असे केले की, ठरावीक भागांत प्रत्येक वादकाने आपापला लिहिलेला मजकूर आपापल्या गतीने वाजवावा, शेजाऱ्याकडे पाहू नये. भाग कोठे सुरू व्हावा आणि कोठे थांबावा ते मात्र संचालकाने खुणेने दाखवावे. स्वर सारे संगीतकाराचे, श्वास ज्याचा त्याचा.

हे ऐकताना आम्हांस आषाढीच्या वाटेवरील पालखीसोहळा आठवल्यावाचून राहिला नाही. मुक्कामाच्या जागी दिंड्या गोळा होतात, प्रत्येक दिंडीचा अभंग निराळा, टाळांची गती निराळी. मध्ये उभे राहिलेल्या माणसाच्या कानांवर सर्व मिळून एक विशाल, हलता नाद येतो, जो कोणत्याही एका दिंडीचा नसतो. मग समाजआरतीच्या वेळी चोपदार आपला दंड उंचावतो आणि हजारो टाळ एकदम थांबतात. ‘व्हेनिसच्या खेळां’च्या पहिल्या भागात तालवाद्यांचा खणखणीत आघात होतो आणि नादाची अशीच एक झुंबड थांबून तिच्या जागी तंतुवाद्यांचे शांत पटल उरते, तेव्हा ज्याने तो दंड वर गेलेला पाहिला आहे त्यास काही समजावून सांगावे लागत नाही. स्वातंत्र्य आणि शिस्त यांचा इतका नेमका तोल आम्ही नव्या पाश्चात्त्य संगीतात क्वचितच ऐकला आहे.

गुरेत्स्कीची ‘स्कोन्त्री’ आज ऐकताना मात्र तिचा त्वेषच अधिक जाणवतो. प्रचंड वाद्यवृंदाचे गट एकमेकांवर आदळतात, आणि त्या आदळण्याला पुढे जावयाची जागा उरत नाही. ती तरुणपणाची कृती आहे. पण ती वाजली, लोक चिडले, भांडले, आणि तिच्या कर्त्याला पुढच्या वर्षीही लिहिता आले, यास आम्ही फार महत्त्व देतो. फसण्याची मुभा ज्या महोत्सवात नाही तो प्रयोगाचा महोत्सव नव्हे, पारितोषिक-समारंभ होय.

येथवर आम्ही या महोत्सवाची जमेची बाजू पाहिली. खर्चाची बाजू दडवून ठेवणे योग्य होणार नाही.

पहिला आक्षेप असा की, हा सारा देखावा होता. वर्षातून काही दिवस खिडकी उघडावयाची, परदेशी पाहुण्यांना आमच्याकडे किती मोकळीक आहे ते दाखवावयाचे, आणि उरलेले वर्ष ती लावून घ्यावयाची. यात तथ्य आहे. लेखकांना जे बोलता येत नव्हते ते संगीतकारांना वाजविता येत होते, याचे एक कारण असे की संगीतास शब्द नसतात, आणि पर्यवेक्षक शब्दांना भितो. तथापि देखाव्यासाठी उघडलेल्या खिडकीतूनही आत येणारा वारा खराच असतो. वॉर्साच्या श्रोत्यांची एक सबंध पिढी त्या वाऱ्यावर वाढली.

दुसरा आक्षेप अधिक गंभीर आहे. वर ज्या पानुफ्निकचा उल्लेख आला, कॉफीगृहात लुतोस्वाव्स्कीच्या शेजारी बसून वाजविणारा तो, १९५४ च्या जुलैत देश सोडून इंग्लंडला गेला. तत्पूर्वी तो पोलंडचा अग्रगण्य संगीतकार व संचालक होता. गेल्याबरोबर त्याच्या संगीतावर बंदी आली आणि त्याचे नाव पुसले गेले. महोत्सव भरले, जगभरचे संगीतकार आले, सर्वांत धाडसी कृती वाजल्या. पण ज्याच्यावाचून युद्धोत्तर पोलिश संगीताची कथा सांगता येत नाही त्याचे संगीत वाजत नव्हते. १९७७ साली, एकविसाव्या महोत्सवात, त्याची ‘विश्वप्रार्थना’ वाजली तेव्हा त्याच्या जाण्याला तेवीस वर्षे झाली होती. नाद हवा तितका बेबंद असू द्या, नाव मात्र यादीतलेच हवे, असा हा मामला. संगीतकार संघाच्या हाती निवड होती असे आम्ही वर म्हटले. ती या एका ठिकाणी नव्हती, आणि त्या एका ठिकाणामुळे बाकीच्या स्वातंत्र्याचा रंगही थोडा फिका पडतो. लुतोस्वाव्स्की, बाइर्द, सेरोत्स्की यांना या गोष्टीची टोचणी लागली नसेल असे आम्हांस वाटत नाही; पण महोत्सव चालू ठेवावयाचा तर ही किंमत त्यांनी मोजली. ती योग्य होती की नव्हती याचा निवाडा ज्याने असा प्रसंग स्वतः कधी पाहिलेला नाही त्याने घाईने करू नये.

आता थोडे आपल्या घरचे. राज्याश्रय आणि आवड यांचा घोटाळा आपल्याकडेही झालेला आहे, आणि तो एका मराठी गृहस्थांच्या हातून झाला आहे. डॉ. बाळकृष्ण विश्वनाथ केसकर १९५२ ते १९६२ या काळात केंद्र सरकारचे नभोवाणीमंत्री होते. अभिजात संगीतावर त्यांची निष्ठा खरी होती. १९५४ पासून आकाशवाणीचे संगीत संमेलन सुरू झाले, आणि संस्थाने बुडाल्यावर निराधार झालेल्या कितीतरी कलावंतांच्या घरी रेडिओच्या मानधनाने चूल पेटती राहिली. हे उपकार विसरणे कृतघ्नपणाचे ठरेल. पण त्याच मंत्र्यांनी चित्रपटगीते रेडिओवरून जवळजवळ हद्दपार केली, आणि श्रोते रेडिओ सिलोनकडे वळले. शेवटी १९५७ साली ‘विविध भारती’ सुरू करून सरकारला ती गीते पुन्हा घरात घ्यावी लागली. केसकरांची आणि १९४९ च्या सोकोर्स्कींची तुलना आम्ही करीत नाही. येथे कोणाचे नाव पुसले गेले नाही, कोणास देश सोडावा लागला नाही. पण तत्त्व एकच आहे. केसकरांनी जे दिले ते टिकले. जे रोखले ते त्यांच्या हाती राहिले नाही. आश्रयदात्याच्या आवडीला देण्याच्या बाजूस मोठे क्षेत्र आहे, रोखण्याच्या बाजूस फार थोडे.

‘लोकांच्या पैशातून लोकांना न आवडणारे संगीत का पोसावे?’ हा प्रश्न कोणी विचारील, आणि तो विचारलाच पाहिजे. आमचे उत्तर वॉर्साच्या अनुभवातून असे निघते : सरकारने नव्या संगीतास पसंती देऊ नये, फक्त संधी द्यावी. निवड त्या विद्येत आयुष्य घालविलेल्यांनी करावी, चुका त्यांच्या नावावर मांडाव्यात, आणि श्रोत्यांना नाक मुरडण्याचा हक्क पूर्णपणे असू द्यावा. कारण नव्या कलेचा खरा न्याय पुढे होतो, आणि कसा होईल ते आधी कोणासच सांगता येत नाही. गुरेत्स्कीचेच पाहा. ‘टकरीं’चा हा कर्ता पुढे त्या वाटेवरून मागे फिरला. १९७७ साली फ्रान्समधील रुवायाँ येथील नव्या संगीताच्या महोत्सवात त्याची तिसरी सिंफनी प्रथम वाजली : संथ, सरळ, मातृशोकाने भरलेली. हे फारच सोपे आहे, म्हणून तेथील नवमतवाद्यांनी तिला नाके मुरडली. १९९२ साली तिची एक नवी ध्वनिमुद्रिका निघाली आणि तिच्या दहा लाखांहून अधिक प्रती खपल्या. १९६० साली जुन्यांना राग आणणाऱ्याने १९७७ साली नव्यांना राग आणला. पेंदेरेत्स्कीही पुढे जुन्या भरघोस स्वरसंगतीकडे वळला. ज्या महोत्सवांनी नवेपणाचेच एक नवे सोवळे निर्माण केले त्यांनी हा धडा घेतला पाहिजे. वॉर्साचा महोत्सवही त्या दोषापासून मुक्त नव्हता. ‘पोलिश नाद’ म्हणून ज्याची ख्याती झाली त्याच्या कित्येक नकला तेथेच वाजल्या आणि तेथेच विरल्या.

१९८१ साली जानेवारीत सेरोत्स्की आणि सप्टेंबरात बाइर्द असे महोत्सवाचे दोन्ही जनक वारले. त्याच वर्षाच्या डिसेंबरात पोलंडमध्ये लष्करी कायदा पुकारला गेला आणि १९८२ चा महोत्सव भरला नाही. १९८३ साली तो पुन्हा सुरू झाला. १९८९ साली राजवटच गेली. १९९० साली पंचाहत्तरी ओलांडलेला पानुफ्निक, लोकशाही आल्याखेरीज परतणार नाही हा आपला निश्चय पूर्ण करून, छत्तीस वर्षांनी वॉर्सास परतला, तो या महोत्सवासाठीच. पुढच्याच वर्षी तो गेला.

वाचकांस एक सूचना करून हे टिपण संपवितो. ‘व्हेनिसचे खेळ’ ही कृती जेमतेम तेरा मिनिटांची आहे, आणि तिची ध्वनिमुद्रणे आज सहज मिळतात. रविवारी सकाळी, दप्तर बंद असताना, ती दोनदा ऐकावी. एकदा विरोध करीत आणि एकदा न करता. दुसऱ्यांदाही आवडली नाही तर खुशाल तसे म्हणावे. मात्र त्यानंतर एखाद्या अनोळखी कलेच्या मागणीची फाईल पुढे आली, तर तीवर शेरा मारण्यापूर्वी सोकोर्स्कींच्या दोन सह्या आठवाव्यात, आणि आपली कोणती ते ठरवावे.